हळदीचा टोन

कोपरखैरणे,
गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय धर्मा,

कमळाकरचा तुला मनापासून नमस्कार. वैजयंतीचाही आहे. तिचे हात पिठात असल्यामुळे तिने तो स्वयंपाकघरातून कोपर उंचावून केला आहे, तो तसाच पोचता करतो. तुझा गुडघा काय म्हणतो? तिकडे उरणला, द्रोणागिरीची हवा मानवली का? कुंदनच्या फ्लॅटच्या खिडकीतून कंटेनर दिसतात असं तू म्हणाला होतास. ज्या माणसाने जन्मभर दिवाळे गावच्या खाडीवर होड्या मोजल्या त्याला म्हातारपणी कंटेनर मोजायला लागावेत, ह्याला काय म्हणावं! सूनबाई चहात साखर घालते की डॉक्टरचं ऐकते? (ऐकत असेल तर तिला माझा आशीर्वाद सांग. ऐकत नसेल तर मी येतो तेव्हा मलाही तोच चहा दे.) आमच्याकडे सगळं ठीक. माझा मोतीबिंदू निघाला. आता वैजयंती मला स्पष्ट दिसते आणि तिला मी पूर्वीपासूनच स्पष्ट दिसत होतो, त्यामुळे त्या आघाडीवर फार फरक नाही.

फोनच्या जमान्यात हा पत्र कसलं लिहितो, असं तुला वाटेल. पण तुला फोन केला की तू "बरा हाय" म्हणतोस आणि ठेवतोस. सुमित्रावहिनी गेल्या त्याला वर्ष होऊन गेलं, तेव्हापासून तुझ्या तोंडून ह्या दोन शब्दांपलीकडे मी काही ऐकलेलं नाही. पत्राचं तसं नसतं. ते मधेच बंद केलं तरी टेबलावरून बघत राहतं.

तर पत्रास कारण असं की मी बेस गिटार वाजवायला लागलो आहे.

हसून झालं? मग पुढचं वाच. आषाढात एक दिवस तुझी जागृती आमच्या दारात उभी. स्कूटरवरून आली होती आणि पाठीला चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं बांधलेलं. वैजयंतीला वाटलं, पोरीने इस्त्रीचं टेबल आणलं. चादर सोडली तर आत तुझा बेस! मला एकदम घरातलं कुणीतरी खूप दिवसांनी भेटायला आल्यासारखं झालं. जागृती म्हणाली, "काका, बाबा बोलले कुठं पन टाक, मना नको दावू. तुलशीच्या लग्नानंतर माझी हळद हाय. डीजे ठरवू बोलतात. मना डीजे नको. बाबांचा आवाज पायजे, आणि बाबा हात लावनार नाय बोलतात. मग आता तुमीच वाजवा."

धर्मा, आयुष्यात मला कुणी "वाजव" म्हटलं नव्हतं. शाळेत म्हटलं नाही, कंपनीत म्हटलं नाही, घरात तर वाजवायचे अधिकार पहिल्यापासून दुसऱ्याकडे आहेत. मी हो म्हणून बसलो. वैजयंतीने कपाळाला हात लावला, पण चहा ठेवला.

तुला आठवतं, मी साताऱ्याकडून नवीन आलो होतो? तुर्भ्याच्या कंपनीत मला मेंटेनन्सला घातलं आणि तुमची शेतं नि मिठागरं ह्या शहरात गेली म्हणून तुला त्याच खात्यात नोकरी मिळाली. मला ह्या गावात काळं कुत्रं ओळखत नव्हतं. पहिल्याच शनिवारी तू मला तुमच्या बेंजो पार्टीच्या टेम्पोत टाकलंस आणि कुठल्याशा हळदीला घेऊन गेलास. (कुणाची हळद होती ते मला अजून माहीत नाही. जेवलो मात्र पोटभर.) वाजवता तर काहीच येत नव्हतं. मग तू मला काम दिलंस. तुझ्या बेसचा तो स्पीकरचा मोठा खोका आवाज चढला की जागेवरून सरकायचा, दोन गाण्यांत मांडवाच्या कडेला जायचा. "कमल्या, तू बस रं वरती, नायतं हा खोका हळद लागायच्या आत नवरीच्या मामाकडं पोचंल." झालं. त्या दिवसापासून पार्टीत माझा हुद्दा ठरला. बेंजोवाला, ढोलकीवाला, बेसवाला आणि खोक्यावरचा. लोक मला पार्टीचा मालक समजायचे, कारण सगळे उभे आणि मी एकटा बसलेला.

म्हणूनच मी छातीठोक सांगू शकतो की तुझा टोन माझ्याइतका कुणाला माहीत नाही. इतरांनी तो कानाने ऐकला, मी बुडाने ऐकला आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ज्वारीचं भरलेलं पोतं टेकवावं, तसा तो आवाज. आधी जमीन हलते, मग ऐकू येतं. त्यात किणकिण नाही, गुणगुण नाही, लांबण नाही. बेंजो वर कितीही माकडउड्या मारू दे, खाली हे पोतं आपलं एकेक टेकत जायचं आणि त्याच्यावर अख्खं गाव नाचायचं. मधेच धवलारीण लग्नाची गाणी गायला बसली की तू थांबायचास. मग मला खोक्यावर बसून एकदम पोरकं वाटायचं.

असो. बेस घरात आला. माझी नोकरीभराची सवय तुला माहीत आहे. मेंटेनन्सच्या माणसाच्या हातात वस्तू आली की तो ती वापरायच्या आधी उघडतो. वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला, बेस आडवा घातला आणि एखाद्या कॉम्प्रेसरचं करावं तसं त्याचं सगळं यथासांग केलं. स्क्रू तेलात टाकले. बटणं उघडून आतली धूळ फुंकली (ती बहुतेक विसाव्या शतकातली असावी). तारा गंजलेल्या, त्या उतरवल्या. तारा टेकतात त्या घोडीपाशी, तारांखाली कसल्याशा मळक्या चिंधीची घडी अडकली होती, ती ओढून वैजयंतीच्या जुन्या कापडांच्या पिशवीत टाकली. लाकूड पुसून लख्ख केलं. वाशीहून नव्या कोऱ्या तारा आणून चढवल्या, एक छोटा स्पीकरही आणून जोडला. देवाला नमस्कार करून, वहिनींचं नाव घेऊन पहिली तार छेडली.

जिन्यावरून स्टीलचं ताट गडगडत गेलं तर कसं वाटेल? तसं वाटलं. आणि ते ताट तळमजल्यावर पोचलं तरी थांबेना. तार आपली गुंईंईं करत राहिली. वैजयंती बाहेर आली, "काय पडलं?" म्हणाली. मी म्हटलं, टोन पडला.

तिथून माझा शोध सुरू झाला. मोबाइलवर व्हिडिओ असतात. त्यात एक दाढीवाला परदेशी मुलगा फार प्रेमाने समजावून सांगतो. त्याचं म्हणणं, टोन बोटांत असतो. म्हणून मी आठवडाभर बोटं आवळली, सैल सोडली, अंगठ्याने वाजवलं, पोळ्या लाटायच्या लाटण्यावर सराव केला. दुसऱ्या व्हिडिओतला मुलगा म्हणाला, टोन बोटांत नसतोच, पायाने दाबायच्या पेडलमध्ये असतो. म्हणून वाशीच्या दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याने मोठ्या अदबीने विचारलं, "सर, कुठला टोन पाहिजे? वॉर्म, व्हिंटेज, पंची?" मी म्हटलं, हळदीचा. तो बिचारा खरोखरच पेडलच्या बटणांवर ते नाव शोधायला लागला. मग मी त्याला पोत्याचं सांगितलं, सारवलेल्या जमिनीचं सांगितलं. तो म्हणाला, "सर, त्याच्यासाठी तुम्हाला रूम ट्रीटमेंट करावी लागेल." म्हणजे फ्लॅट सारवायला लागेल! वैजयंतीला हे सांगायची हिंमत झाली नाही.

ह्या मधल्या काळात आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप बिघडला. म्हणजे तसा समज झाला. आमचा फ्लॅट पंपाच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर. दुपारी जिन्यात घरघर ऐकू येते, भिंती थरथरतात, अशा तक्रारी आल्या. सेक्रेटरी माझ्याकडे आले. म्हणाले, "काका, तुम्ही मेंटेनन्समधले. एवढं टेन्शन घालवा आमचं." मला बरं वाटलं. निवृत्त माणसाला कुणी तज्ज्ञ म्हटलं की तो चपला शोधायला लागतो. बेस बाजूला ठेवून खाली गेलो, पंपाला कान लावला. पंप अगदी ठणठणीत. वर येऊन सराव सुरू केला, की पुन्हा निरोप, काका, सुरू झालं! पुन्हा खाली, पुन्हा पंप ठणठणीत. मी सेक्रेटरींना म्हटलं, हा अंतर्गत दोष दिसतो, रोगी डॉक्टरला बघून सुधारतो तसलं प्रकरण आहे. शेवटी बेअरिंग बदलायचं ठरत होतं, तेवढ्यात वैजयंती जिन्यात उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, तुम्ही खाली असताना पंप बरा असतो आणि वर असताना बिघडतो, ह्यावरून काही सुचतं का?" तेव्हापासून सोसायटीत मला कुणी तज्ज्ञ म्हणत नाही. पण मला त्यातही एक आशा दिसली. पंपासारखा का होईना, आवाज जमिनीतून जायला लागला होता.

आता बांगड्याचं सांगतो. हे सांगायचं नव्हतं, पण जागृतीने तुला आधीच सांगितलं असेल, तर खरं काय ते माझ्याकडून ऐक.

मी बसून विचार केला, धर्माच्या आवाजात असं काय होतं जे माझ्यात नाही? आणि एकदम डोक्यात उजेड पडला. तू हळदीला यायचास तो थेट भावाच्या होडीवरून. हात धुतलेले असायचे, पण ते धुणं म्हणजे पाण्याला हात दाखवणं. म्हणजे वर्षानुवर्षं मासळीचं तेल त्या तारांत मुरलेलं! तारा जड झालेल्या, म्हणून आवाज जड. हे इतकं शास्त्रशुद्ध वाटलं की मला व्हिडिओतल्या दाढीवाल्याची कीव आली. नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्याच लागल्या होत्या. तडक दिवाळ्याच्या मासळीबाजारात गेलो. वहिनींच्या जागेवर आता गोजरा बसते, त्यांची पुतणी. तिच्याकडून चांगला तेलकट बांगडा घेतला. "कसं करनार काका? तिखल्याचं का भाजून?" मी म्हटलं, बेसला लावणार. मी दिसेनासा होईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

गोची अशी की श्रावण होता. आमच्याकडे श्रावणात मासळी घराच्या पायरीलाही लागत नाही, हे मी शास्त्राच्या नादात साफ विसरलो. वैजयंती शेजारच्या सोमवारच्या उद्यापनाला गेली होती. मी बाल्कनीत बसून एकेक तार बांगड्याने नीट चोळत होतो. ती परत आली, हातात प्रसादाची वाटी. मी म्हटलं, "खायला नाही आणला गं, लावायला आणलाय." धर्मा, ह्या वाक्याचा काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात सोसायटीची सगळी मांजरं बाल्कनीखाली जमली आणि वर तोंड करून ओरडायला लागली. तो कोरस त्या महिन्यातला माझ्या घरातला सगळ्यात सुरेल आवाज होता. मला बेससकट गच्चीवर धाडण्यात आलं. श्रावण संपेपर्यंत बेसला घरात यायची बंदी. टोन म्हणशील तर तोच, फक्त आता ताटाला वास येत होता.

त्या तारा काढल्या आणि तुझ्या जुन्या गंजक्या तारा पुन्हा चढवल्या. (मेंटेनन्सचा माणूस जुना पार्ट फेकत नाही, हे एक बरं.) त्यांनी थोडं बरं वाटलं. पण गुंईंईं काही जाईना. मी मनाने हरलो होतो. तुला खरं सांगतो, मला वाटायला लागलं की तो आवाज कधी नव्हताच. आपण तरुण होतो, भूक लागलेली असायची, वहिनी मांडवाच्या मागून गरम भाकरी नि सुक्या जवळ्याची चटणी पाठवायच्या, आणि त्या सगळ्याची गोळाबेरीज मी आवाज म्हणून डोक्यात ठेवली असेल. म्हातारा माणूस दुसरं काय करतो?

परवा जागृती गणपतीच्या दर्शनाला आली. मोदक खाल्ला, आणि म्हणाली वाजवून दाखवा. मी वाजवलं. पोर गुणाची, हसली नाही. मान खाली घालून ऐकत राहिली. मग बेस स्वतःच्या मांडीवर घेतला, घोडीपाशी बोट घातलं आणि म्हणाली, "काका, आयची चिंधी कुठं हाय?"

मी म्हटलं, कसली चिंधी?

मग तिने सांगितलं ते तुला मी काय सांगावं! पण मला माहीत नव्हतं रे. एवढी वर्षं खोक्यावर बसलो, तुझी पाठच बघितली, तारांखाली काय आहे ते कधी वाकून बघितलं नाही. ती तान्ही असताना तुमच्या पुढच्या खोलीत झोळीत निजायची, आणि तू तिथंच सराव करायचास. तार घुमली की पोर दचकून उठायची. एकदा वहिनींनी वैतागून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, घडी केली आणि तारांखाली कोंबली. "आता वाजव किती वाजवतंस त्ये. पोर उठली तं तूच झोका दे." पोर उठली नाही. आवाज बसका झाला, जमिनीतून जायला लागला, आणि तुला तो आवडला म्हणून तू ती घडी कधी काढलीच नाहीस. म्हणजे ज्या आवाजावर आम्ही गावंच्या गावं नाचवली, तो तुझ्या पोरीची झोप मोडू नये म्हणून केलेला आवाज होता!

मी लगेच वैजयंतीला हाक मारली, जुन्या कापडांची पिशवी काढ म्हटलं. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात मसोता होता. त्याने तिने नुकतंच मोदकांचं पातेलं उतरवलं होतं. ती त्या मसोत्याकडे बघते, मी बघतो, जागृती बघते. एवढं धुऊन, भाजून, पुसूनही एका कडेला लाल काठाची रेघ होती. आषाढापासून मी वाशीपासून दिवाळ्यापर्यंत टोन शोधतोय आणि वैजयंती त्याने रोज गॅस पुसतेय.

 मग जागृतीने तो मसोता घेतला, नाकाशी धरला आणि म्हणाली, "आयचा वास गेला. हिंगाचा येतंय." वैजयंतीचे डोळे भरले, ती म्हणाली, "अगं, मला काय माहीत! मी तर म्हणत होते, हे फडकं कसलं चांगलं आहे, हात भाजत नाही." त्यावर जागृती अशी काही हसली की आम्हीही हसायला लागलो. तिने घडी केली, अगदी सराईत हाताने, आणि तारांखाली सारली. मी जाडी तार छेडली.

पोतं टेकलं, धर्मा. सारवलेल्या जमिनीवर टेकलं. एकदाच, आणि गप्प.

वैजयंती मटकन खुर्चीत बसली. म्हणाली, "अगंबाई, धर्माभावजी आले." जागृती बाल्कनीत गेली, खाली स्कूटर नीट लावली आहे का बघायला. स्कूटर नीटच होती, पण तिने ती बराच वेळ बघितली.

तर असा आपला टोन सापडला आहे. तुझी काळजी मिटली. हळदीला मी वाजवीन, तू पाहुण्यांसारखा खुर्चीवर बसून सरबत पी. गुडघ्याला तेल चोळत जा (बांगड्याचं नको). कुंदनला आणि सूनबाईला आशीर्वाद.

तुझा,
खोक्यावरचा कमळाकर

ता. क. – टोन आला ही गोष्ट खरी. पण मला एकच सूर येतो. गाणं जिथवर त्या सुरात असतं तिथवर मी पट्टीचा वाजवणारा आहे. ते पुढे गेलं की मी तिथंच थांबून त्याची वाट बघतो.

आणखी ता. क. – तो जुना खोका दिवाळ्याच्या घरी माळ्यावर होता, तो जागृतीने उतरवून घेतला आहे. मी काल जाऊन लावून बघितला. अजून सरकतो. मी वाजवायला उभा राहिलो तर त्याच्यावर बसणार कोण? हल्लीची मुलं व्यायाम करून काटक्या झाली आहेत, त्यांच्या वजनाला खोका ऐकत नाही. मी बसून बघितलं. जागा अजून माझ्या मापाची आहे. पण मी वर बसलो की बेस रिकामा राहतो. ह्यावर तुला काही सुचतं का?

शेवटचं ता. क. – वैजयंतीने वरचं सगळं वाचलं आणि म्हणाली, निदान भावजींना तरी खरं सांगा. तर खरं असं, की आषाढात जागृतीने मला वाजवायला सांगितलं तेव्हा पुढे आणखी एक वाक्य म्हणाली होती. "काका, तुमाला नाय जमलं तरी चालंल. तुमी वाजवनार हाव एवढं बाबांना कललं, की बाबा रावनार नाय." म्हणजे माझी निवड मला वाजवता येण्यावर नाही, न येण्यावर झाली आहे. मला वाईट वाटलं नाही. पोरीला तू हवा आहेस, आणि मलाही.

चिंधी मी पोस्टाने पाठवणार नाही. ती इथं तारांखाली आहे, हिंगाच्या वासासकट. हवी असेल तर हळदीच्या दिवशी दिवाळ्याला ये आणि बेस गळ्यात घालून घे. मी खोक्यावर असेन. नाही आलास, तर धर्मा, तुझ्या लेकीच्या हळदीत, अख्ख्या गावासमोर, वहिनींच्या चिंधीवर, मी वाजवीन. ही विनंती समजू नकोस. धमकी समज.